चूक बीजांडातली, गुन्हा कुणाचाच नाही

गेल्या बाजारच्या दिवशी दवाखान्यात नेहमीप्रमाणे गर्दी होती. तेवीस वर्षांची एक सून, तिच्या सासूबाई आणि दुपट्यात गुंडाळलेले दीड महिन्याचे बाळ बाकावर बसून होते. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला होता आणि त्यातले इंग्रजी समजावून घ्यायला ही मंडळी आली होती. रिपोर्टातली एकच ओळ महत्त्वाची होती. गुणसूत्रे ४७, त्यात एकविसाव्या क्रमांकाची तीन. म्हणजे डाऊन सिंड्रोम.

मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, मी हिला बजावलं होतं, ग्रहण आहे, विळीला हात लावू नको. ऐकलं नाही हिनं.” सून खाली मान घालून बाळाचे टोपडे सारखे करीत राहिली.

वाचकहो, त्या क्षणी मला १९९६ सालची एक बाई आठवली. (दोघींचीही ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तेव्हा मला या गावात दवाखाना टाकून चारच वर्षे झाली होती. बाईंचे वय ३९, तिसरे बाळंतपण, बाळाला हाच आजार. मी सगळ्या घरच्यांसमोर एका वाक्यात सांगून टाकले, “आईचं वय जास्त आहे, बीजांडातच चूक झाली आहे.” वाक्य शास्त्राला धरून होते. पण पुढे दोन वर्षांनी त्याच बाई तापासाठी आल्या तेव्हा माहेरी राहत होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, चूक माझ्यात आहे म्हणून. घरात तेच धरून बसले सगळे.” मी तसे म्हणालो नव्हतो. पण ऐकणाऱ्यांनी तेच ऐकले होते, आणि उरलेले अर्धे मी सांगितलेच नव्हते. ते अर्धे आज या सदरात सांगतो.

निम्मे का करावे लागते?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे आनुवंशिक माहितीची गुंडाळी. रंग, उंची, रक्तगट, अवयवांची घडण यांच्या सूचना तिच्यात असतात. ही ४६ गुणसूत्रे म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. माणसात ती ४६ असतात हे पक्के ठरले ते १९५६ साली.

आता विचार करा. आईच्या पेशीतील ४६ आणि वडिलांच्या पेशीतील ४६ तशीच एकत्र आली असती तर बाळात ९२ झाली असती, नातवात १८४. असे चालणार कसे? म्हणून बीजांड आणि शुक्रजंतू तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करावी लागते. ४६ ची २३. या क्रियेला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा असतो. मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि आपण मोठी माणसे विसरून जातो.

हे कोडे सुटले एका जंतामुळे. बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी १८८३ साली घोड्याच्या पोटातील जंताच्या अंड्यात पाहिले की नराकडून आणि मादीकडून सारखीच गुणसूत्रे येतात. मग ती आधी कुठेतरी निम्मी होत असलीच पाहिजेत, असे जर्मनीच्या वाइसमान यांनी १८८७ साली मांडले.

पत्त्यांचे दोन जोड

हे विभाजन समजायला पत्त्यांचे दोन जोड घ्या. प्रत्येकात १ ते २३ आकड्यांचे पत्ते. लाल पाठीचा जोड आईकडचा, निळ्या पाठीचा वडिलांकडचा. पेशीत दोन्ही जोड आहेत. त्यातून असा एक संच काढायचा आहे की त्यात १ ते २३ पैकी प्रत्येक आकडा एकदाच आला पाहिजे. पाठ लाल असो की निळी, चालेल.

पेशी आधी प्रत्येक पत्त्याची एक नक्कल करून ती मूळ पत्त्याला चिकटवून ठेवते. मग लाल एक्क्याशेजारी निळा एक्का, लाल दुरीशेजारी निळी दुरी अशा जोड्या लावते. जोडीतले पत्ते एकमेकांना बिलगतात आणि आपापले काही तुकडे अदलाबदल करतात. लाल पत्त्यात थोडे निळे, निळ्यात थोडे लाल. त्यानंतर प्रत्येक जोडीतला एक पत्ता एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. हे पहिले विभाजन. संख्या निम्मी होते ती इथे. दुसऱ्या विभाजनात पत्ता आणि त्याची नक्कल वेगळी होतात.

कोणत्या जोडीतला लाल कुठे जाईल याला नियम नाही. त्यामुळे नुसत्या वाटणीनेच ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारचे संच होऊ शकतात, आणि तुकड्यांची अदलाबदल धरली तर मोजदादच नको. एकाच आईबापांची दोन मुले सारखी का नसतात, याचे उत्तर हे आहे. एकाचे नाक आजोबांवर आणि दुसऱ्याचे आत्यावर जाते ते यामुळेच.

बीजांडाची दीर्घ प्रतीक्षा

इथपर्यंत स्त्री-पुरुषांत फरक नाही. फरक आहे तो वेळेचा.

पुरुषात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होते आणि नंतर अखंड चालते. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि रोज कोट्यवधी तयार होतात. माल नेहमी ताजा.

स्त्रीचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडांचे विभाजन सुरू होते. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्या गर्भात साठ ते सत्तर लाख अपक्व बीजांडे असतात. त्यातली बहुतेक गळून जातात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन ते चार लाख, आणि सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती फक्त चारशे-पाचशे.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. पत्त्यांच्या जोड्या लागल्या, तुकडे बदलले गेले की विभाजन तिथेच थांबते. जोड्या एकमेकींना बिलगलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे तशाच राहतात. मुलगी जन्मते, शाळेत जाते, लग्न होते, आणि ज्या महिन्यात ते बीजांड पक्व होते त्या महिन्यात, ते बाहेर पडण्याच्या थोडे आधी, पहिले विभाजन पुरे होते. दुसरे तर शुक्रजंतू आत शिरल्यावरच. म्हणजे वीस वर्षांच्या आईचे बीजांड वीस वर्षे थांबलेले असते आणि चाळिशीच्या आईचे चाळीस वर्षे.

चूक होते ती कशी?

जोडी इतकी वर्षे एकत्र धरून ठेवायला पेशीत खास प्रथिने असतात. ती गर्भावस्थेतच बसवली जातात आणि नंतर फारशी नवी होत नाहीत, असे आढळले आहे. जुन्या पेटीतल्या कागदांना लावलेले रबर आठवा. दोन-चार वर्षांनी काढले तर ताणते, तीस-चाळीस वर्षांनी काढले तर तुटते. ही पकड सैल झाली की जोडी ओढली जाण्याच्या वेळी गोंधळ होतो. एकविसाव्या क्रमांकाचे दोन्ही पत्ते एकाच बाजूला जातात. बीजांडात एकविसावी दोन गुणसूत्रे, त्यात वडिलांकडचे एक मिळाले की तीन.

असा गोंधळ कोणत्याही जोडीत होऊ शकतो. पण बहुतेक वेळा तो गर्भ टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातील सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो. एकविसावे गुणसूत्र सर्वांत लहान, त्यावरच्या सूचनाही कमी, म्हणून हे बाळ जगते. १८६६ साली इंग्लंडच्या डॉ. लँग्डन डाऊन यांनी या मुलांचे वर्णन केले. कारण सापडायला १९५९ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्समध्ये लेज्युन, गोतिए आणि तुर्पँ यांनी तिसरे गुणसूत्र दाखवून दिले.

आता १९९६ साली मी न सांगितलेले अर्धे. ही चूक बहुतेक वेळा बीजांडात होते, दहांत सुमारे नऊ वेळा. पण ती झाली तेव्हा गर्भ राहिलेलाच नव्हता. ज्या जोडीची पकड सुटली ती जोडी त्या आईच्या स्वतःच्या जन्मापूर्वी लागलेली होती. दिवस गेल्यावर तिने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कुठे प्रवास केला, कुणाशी भांडली, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध असू शकत नाही. आपले केस कधी पिकतात यात जेवढा आपला दोष, तेवढाही त्यात तिचा नाही. उरलेल्या काही वेळा चूक शुक्रजंतूत होते, आणि तिथेही वडिलांनी काही केलेले नसते.

मग वयाचे काय?

वयाचा संबंध खरा आहे. आईचे वय २५ असताना असे बाळ होण्याची शक्यता सुमारे १,२५० त एक असते. तिशीत सुमारे ९०० त एक, ३५ व्या वर्षी साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक, ४५ व्या वर्षी ३० त एक. पण ‘१,२५० त एक’ म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे तरुण वयात होतात, म्हणून यांतली पुष्कळ मुले तरुण आयांनाच होतात. तेवीस वर्षांच्या त्या सुनेचे तेच झाले.

शंभरात तीन-चार बाळांत प्रकार वेगळा असतो. जादा एकविसावे गुणसूत्र सुटे नसून दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. अशा वेळी आई किंवा वडील स्वतः धडधाकट असून ते चिकटलेले गुणसूत्र बाळगणारे असू शकतात, आणि पुढच्या बाळंतपणात धोका वाढतो. म्हणून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी जरूर करावी. नुसत्या चेहऱ्यावरून ठरवून थांबू नये. तसा प्रकार निघाल्यास आई-वडील दोघांचीही तपासणी करावी. एकट्या आईची नव्हे.

पुढच्या वेळी दिवस गेल्यास अकरा ते तेरा आठवड्यांत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून अंदाज घेता येतो. तो अंदाजच असतो. खात्री हवी असल्यास चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भजल तपासावे लागते. पुढचा निर्णय कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांशी बोलून त्या जोडप्याने घ्यायचा असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.

बाळासाठी काय करावे?

• हृदयाची इको तपासणी लवकर करावी. यांतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि बराचसा शस्त्रक्रियेने सुधारतो.

• थायरॉईड, कान आणि डोळे तपासावेत. थायरॉईडची तपासणी पुढेही दरवर्षी करावी.

• अंग सैल असल्याने बाळ अंगावर प्यायला वेळ लावते. धीर सोडू नये. लसी सगळ्या मुलांप्रमाणे वेळेवर द्याव्यात.

• व्यायाम, बोलण्याचे शिक्षण पहिल्या वर्षापासून सुरू करावे. उशिरा का होईना, ही मुले चालतात, बोलतात, शाळेत जातात.

• २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातील लवकर उपचार केंद्राची चौकशी करावी. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांग प्रमाणपत्रही काढून ठेवावे.

त्या दिवशी मी आधी नवऱ्याला आत बोलावून बायकोशेजारी बसवले. मग केसपेपरच्या मागे पत्ते काढून हे सगळे सांगितले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ही तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाचं हे?”

“हो. आणि तुमचा हा मुलगा ज्या बीजांडापासून झाला, तेसुद्धा तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होता तेव्हाचंच. तुमचं नीट वाटलं गेलं, हिचं नाही. यात तुमचं कर्तृत्व नाही आणि हिचा गुन्हा नाही.”

त्यांना सगळे पटले असा माझा दावा नाही. ग्रहणाचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना इकोसाठी कोणत्या वारी जायचे ते त्यांनीच विचारले, आणि सुनेला पाणी पिता यावे म्हणून बाळ आपल्याकडे घेतले.

तुमच्या घरी, भावकीत किंवा आळीत असे बाळ असेल तर त्याच्या आईला कुणी काही बोलण्याआधी हा लेख त्या घरात वाचून दाखवा. बाळाला तपासायला उशीर झाला असेल तरीही घेऊन या.