गीतकाराचे नाव आणि गाण्याचे पैसे

आपल्याकडील शाहिराला शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची सवय असते. अभंगात जसा 'तुका' किंवा 'नामा', तसाच वामनदादा कर्डकांच्या गीतांत 'वामन'. वही हरवली, पुस्तक छापले गेले नाही, गाणे तोंडोतोंडी शंभर गावे फिरले, तरी ते कोणाचे हे श्रोत्यांना कळते. ही नाममुद्रा म्हणजे शाहिराची सहीच होय. परंतु आज तेच गाणे मोबाईलवर वाजते तेव्हा पैशांची वाटणी करणारा संगणक शेवटचे कडवे ऐकत नाही. तो फक्त नोंद पाहतो. नोंदीत गीतकाराचे नाव नसेल, तर गाणे लाखो वेळा वाजूनही त्याच्या घरी रुपया येत नाही.

आपल्या सभासदांत गीते लिहिणारे, चाली बांधणारे आणि त्यांची मुले-नातवंडे पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांपैकीही काहीजण लिहू लागले आहेत. त्यांना उपयोगी पडावे म्हणून हा व्यवहार येथे समजावून सांगत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका गाण्यात दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या शब्दांचे व चालीचे झालेले ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचे पैसे ते करविणाऱ्या कंपनीकडे जातात. शब्द आणि चाल यांचे पैसे गीतकार, संगीतकार व संगीत प्रकाशक यांचे असतात. येथे प्रकाशक म्हणजे पुस्तके छापणारा नव्हे; ज्याने करार करून शब्द-चालीचे हक्क आपल्याकडे घेतले तो. आपल्या देशात बहुधा कॅसेट कंपनीच प्रकाशकही असते, त्यामुळे दोन्हींचे पैसे तिचेच असा लोकांचा समज झाला आहे. गायकाचा हक्क आणखी निराळा असून त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

शब्द-चालीचे पैसे गोळा करण्याचे काम 'इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी' म्हणजेच आयपीआरएस ही संस्था करते. ती १९६९ साली मुंबईत स्थापन झाली. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतरची पस्तीस वर्षे गीतकारांना फार जड गेली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकारांची बाजू जोराने मांडली होती. आता गीतकाराने गाण्याचे इतर हक्क विकले तरी रॉयल्टीतील आपला समान वाटा त्याला विकता येत नाही वा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी अशा सोसायटीला देता येतो. अपवाद सिनेमागृहात चित्रपटाबरोबर वाजणाऱ्या गाण्याचा. गरजू माणसाकडून कोणत्याही कागदावर सही घेता येते, म्हणून कायद्याने हा वाटा सहीच्या पलीकडे नेऊन ठेवला आहे. मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

आता पैसा कसा फिरतो ते पाहू. मोबाईलवर गाणी ऐकविणाऱ्या कंपन्या सोसायटीकडून परवाना घेतात. जाहिराती आणि वर्गणी यांतून आलेल्या उत्पन्नाचा काही भाग शब्द-चालीसाठी बाजूला पडतो व कोणते गाणे किती वेळा वाजले याची यादी सोसायटीकडे येते. समजा, एका महिन्यात असे १० लाख रुपये जमले आणि सर्व गाणी मिळून १ कोटी वेळा वाजली. म्हणजे एका वेळेस दहा पैसे. आपले गाणे २०,००० वेळा वाजले असेल तर त्याचे २,००० रुपये झाले. आयपीआरएसच्या प्रचलित वाटणीनुसार निम्मे, म्हणजे १,००० रुपये प्रकाशकाचे; उरलेल्यांत गीतकाराचे ५०० व संगीतकाराचे ५००. संस्थेचा खर्च त्यातून वजा होतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. रक्कम लहान दिसते हे खरे, पण गाणे वाजत राहील तोवर ती येत राहते.

खरी अडचण जुळणीची आहे. कंपनीच्या यादीत बहुधा ध्वनिमुद्रणाचे नाव व गायकाचे नाव असते, गीतकार नसतोच. सोसायटीला आपल्या दप्तरात त्या गाण्याचे शब्द-चालीचे मालक शोधावे लागतात. ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो आणि शब्द-चालीला 'टी' पासून सुरू होणारा दुसरा. हे दोन क्रमांक एकमेकांशी जोडले गेले नाहीत, किंवा नावाची स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांची असली, की पैसे अडकलेच.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०१८ साली कायदा होऊन या वसुलीसाठी एक स्वतंत्र संस्था नेमण्यात आली व १ जानेवारी २०२१ पासून तिचे काम सुरू झाले. पुढच्याच महिन्यात सुमारे वीस कंपन्यांनी तिच्या स्वाधीन केलेली रक्कम ४२ कोटी ४० लाख डॉलर इतकी होती. मालक न जुळल्यामुळे मागे पडून राहिलेले हे पैसे! दीर्घकाळ कोणीच पुढे आले नाही, तर असे पैसे इतर नोंदलेल्या हक्कदारांत त्यांच्या व्यवसायाच्या प्रमाणात वाटावेत, अशीही तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे अनामिकाचे पैसे नामवंताकडे.

माझ्या चुलत्यांनी कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीला आठ भीमगीते दिली. हातावर रोख रक्कम मिळाली, पाच कॅसेट फुकट मिळाल्या. कागद एकही झाला नाही. वेष्टनावर गायकाचा फोटो छापला गेला आणि गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असा शब्द. तीच गाणी आज दुसऱ्याच कोणाच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत.

अशा घरांनी निराश होऊ नये. स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असल्याखेरीज कायद्याने ग्राह्य नाही. गीतकार कंपनीच्या नोकरीत नसेल आणि गाणे चित्रपटासाठी लिहिलेले नसेल, तर नुसते रोख पैसे घेतल्याने मालकी जात नाही. लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. गाण्यावर आपले नाव लागावे हा हक्क तर हस्तांतरणानंतरही लेखकाकडेच राहतो. हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असते. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले. त्यांच्या गीतांवरील हक्क ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत टिकेल. जुना करारनामा हाती असल्यास मात्र तो वकिलाला दाखवूनच पुढचे पाऊल टाकावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपली पुष्कळ गीते सिनेमाच्या गाजलेल्या चालींवर बांधलेली आहेत. शब्द आपले असले तरी ती चाल मूळ संगीतकाराची असते; तिची नोंद आपल्या नावावर करता येत नाही आणि ध्वनिमुद्रणासाठी परवानगीही लागते. ओवी किंवा पोवाड्याची परंपरागत चाल कोणा एकाच्या मालकीची नसते.

दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करणे सक्तीचे नाही. गीत कागदावर उतरले की हक्क निर्माण होतो. पैसे मिळण्यासाठी मात्र सोसायटीचे सभासदत्व आणि प्रत्येक गाण्याची नोंद हवी. गीतकार हयात नसेल तर वारसांनाही अर्ज करता येतो; मृत्यूचा दाखला व वारस असल्याचे कागद लागतात. प्रत्येक गाण्यापुढे पहिली ओळ, गीतकार, चाल कोणाची, गायक, कॅसेटचे नाव व वर्ष लिहावे. मूळ वही आणि वेष्टन जपून ठेवावे. वाद उपस्थित झाल्यास शेवटच्या कडव्यातील नावही पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

चुलत्यांच्या आठांपैकी सहा गाणी वहीत सापडली. उरलेली दोन माझ्या आत्याला तोंडपाठ आहेत; ती दर रविवारी थोडी थोडी उतरवून घेत आहोत.