खणांची झडती

सांडशीसाठी खणात हात घालावा आणि किसणीने बोट सोलून निघावे, हा प्रकार आमच्या घरी इतक्या वेळा घडला की एका रविवारी मी ओट्याखालच्या तिन्ही ट्रॉल्यांची झडती घेऊन सारा ऐवज जमिनीवर मांडला व त्याची रीतसर फर्द केली. त्यात सोलाणी चार निघाली. धार एकालाही नव्हती.

बंदोबस्ताचे तत्त्व एवढेच, की वस्तूचे स्थान तिच्या जातीवरून नव्हे, तर जेथे ती हाताला लागते त्या जागेवरून ठरवावे. म्हणून पळी, झारा, उलथने व सांडशी शेगडीलगतच्या वरच्या खणात आली, सोऱ्या आणि पुरणयंत्र या सणासुदीच्या मानकऱ्यांची रवानगी तळाशी झाली, आणि मसाल्यांचा सुवास उष्णतेने उडत असल्यामुळे त्यांना शेगडीपासून दूर वतन मिळाले. कप्प्यांसाठी मिठाईचे रिकामे खोके खणाच्या उंचीइतके कापून बसवले की विकतच्या जाळ्यांची गरज उरत नाही.

1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद विदुषीने फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, त्यात तांदूळ, साखर आदी कोरड्या जिनसांना नाव लिहिलेले, मुठीचे आणि तोटीसारख्या टोकाचे ॲल्युमिनियमचे खण होते. खण उपसावा आणि जिन्नस थेट पातेल्यात ओतावा! मला या योजनेचा खरोखर हेवा वाटतो.

सोलाण्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही; आईच्या मते त्यांतल्या दोहोंना अजून धार लावता येईल.