कानातील मणी आणि संकेतांक ‘टी १६’

रुग्णालयाच्या नोंदींत ‘टी १६’ हा संकेतांक आढळतो. ‘कानात गेलेली बाह्यवस्तू’ असा त्याचा अर्थ आहे. मुलाने खेळता खेळता कानात घातलेला मणी, हरभऱ्याचा दाणा, आत राहिलेला कापसाचा बोळा किंवा झोपेत शिरलेला किडा, या सर्वांची नोंद याच संकेतांकाखाली होते. ही पद्धत देणगीदारांना व रुग्णांच्या आप्तांना परिचित व्हावी, एवढाच या टिपणाचा हेतू.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. १९४८ पासून हे कार्य जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी दहाव्या आवृत्तीचे संकेतांक अद्याप वापरात आहेत.

त्या आवृत्तीत कानाचे विकार ‘एच’ या अक्षराखाली येतात. साचून घट्ट झालेला मळ ‘एच ६१.२’ होय, तो शरीरातच तयार होतो, म्हणून बाह्यवस्तू ठरत नाही. बाहेरून शिरलेल्या वस्तूंना इजांच्या प्रकरणात स्थान आहे. तोच मणी नाकात गेला, तर संकेतांक ‘टी १७’ होतो. वस्तूमुळे पडदा फाटला असल्यास त्या इजेची स्वतंत्र नोंद करावी लागते.

मात्र ‘टी १६’ एवढ्यावरून कान उजवा की डावा, हे कळत नाही. अमेरिकेतील सुधारित वर्गीकरणात त्यासाठी ‘टी १६.१’ व ‘टी १६.२’ असे वेगळे अंक आहेत. मूळ आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नाहीत. वस्तू कोणती, हेही या अंकातून समजत नाही. उपचार मात्र त्यावरच अवलंबून असतात. घड्याळातील बटणासारखी बॅटरी काही तासांतच कानाच्या त्वचेला गंभीर इजा करते, म्हणून ती तातडीने काढावी लागते. धान्याचा दाणा पाण्याने फुगतो, तेव्हा तेथे पिचकारी वर्ज्य. जिवंत किडा आधी निश्चल करून मगच बाहेर काढतात.

म्हणून केसपेपरवर कानाची बाजू, वस्तू व ती गेल्याची वेळ स्पष्ट लिहिणे अगत्याचे असते. संकेतांक देणारा कर्मचारी रुग्णाला पाहत नाही. कागदावर जे नसेल, ते त्याला स्वतःच्या तर्काने भरता येत नाही.

या नोंदीचा आरंभ पालकांच्या शब्दांपासून होतो. मुलाला न रागावता काय घातले ते विचारावे, तशीच वस्तू घरी असल्यास सोबत आणावी. हेअरपिनने किंवा काडीने कान कोरू नये, घरी पाणी वा तेल घालू नये. देणगीदारांनाही एक विनंती आहे. शस्त्रक्रियेची उपकरणे सर्वांच्या दृष्टीस पडतात, अभिलेख विभागातील कपाटे पडत नाहीत. वर्षांनंतर त्याच कानाची तक्रार घेऊन रुग्ण परत आला, तर डॉक्टर प्रथम मागतात तो जुना कागद तिथेच जपलेला असतो.