कार्तिकातील परस : किडे व कोळी यांची पाहणी

दिवाळी सरून पहाटे दव पडू लागले, की परसातील कोळ्यांची जाळी दिसू लागतात. एरवी नजरेस न येणारे धागे दवाच्या थेंबांनी पांढरे झालेले असतात. पावसाळ्यात लहान असलेले बरेचसे कोळी या सुमारास पुरते वाढलेले असल्याने पाहणीस हा काळ फार सोयीचा होय. मात्र उन्हे वर येण्यापूर्वी परसात जावे.

कुंपणाच्या झुडपांत चाकासारखे उभे जाळे आढळते व त्याच्या मध्यभागी कित्येकदा फुलीच्या आकाराची नागमोडी पांढरी वीण असते. तिच्यावर पायांच्या जोड्या जुळवून पिवळ्या पट्ट्यांची मोठी कोळीण बसते. शेजारचा किरकोळ कोळी हे तिचे पिल्लू नसून बहुधा नर असतो. काही कोळी जाळे विणीतच नाहीत. पानांवर किंवा जमिनीवर फिरून शिकार करतात. रात्री विजेरी कपाळाजवळ धरून गवतावर प्रकाश टाकल्यास हिरवट ठिणग्या चमकतात, ते अशा जमिनीवरील कोळ्यांचे डोळे होत. मुलांना हे एकदा दाखविले, की त्यांना घरात परत आणणे कठीण जाते!

वालाच्या वेलाकडे अधिक बारकाईने पाहावे. कोवळ्या शेंड्यांवर व शेंगांवर काळा मावा दाटलेला दिसताच फवारणीचा पंप काढण्याची घाई होते आणि पुष्कळदा तेथेच नुकसान होते. कारण त्याच शेंड्यांवर लाल-नारिंगी, तुळतुळीत ढालकिडे मावा खात असतात. त्यांची करडी, लांबट अळी पाहून ती नवीच कीड समजून चिरडली जाते. वस्तुतः तीही मावाच खाते. फुगून तपकिरी झालेला, न हलणारा मावा आढळल्यास त्याच्या आत सूक्ष्म परोपजीवी कीटक वाढत आहे असे समजावे. पाठीवर गोल छिद्र असेल, तर तो कीटक बाहेर पडला आहे. केसासारख्या देठांवर उभी असलेली बारीक अंडी जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाची असतात व त्याच्या अळ्याही मावा फस्त करतात. विषारी औषधाने ही सारी मंडळी माव्याबरोबरच मरतात. पुढे मावा लवकर वाढतो, मित्रकीटक मात्र सावकाश परततात.

वांग्यावरचा ढालकिडा निराळा. तो निस्तेज, बारीक लव असलेला व पुष्कळ काळ्या ठिपक्यांचा असतो. त्याची पिवळी, काटेरी अळी पानांचा हिरवा भाग खरवडून त्यांची जाळी करते. दोघांना एकाच नावाने ओळखले जाते, हे मोठे दुर्दैव. वांग्यावरील भुंगेरे व अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. घरच्या चार झाडांस एवढे पुरते.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसल्यास काडीने स्पर्श करावा. ती फुलपाखराची लहान अळी असेल, तर डोक्यामागून शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते.

उंच फांद्यांसाठी जुनी छत्री उलटी धरून तीत पांढरे फडके पसरावे व फांदीवर काठीने हलके ठोके द्यावेत. खाली पडणाऱ्यांचे पाय मोजावेत : कीटकास सहा, कोळ्यास आठ. पाहून झाल्यावर त्यांना झाडावर सोडावे.

वालाचे शेंडे आठवड्याने पुन्हा तपासावेत. मावा वाढत असून ढालकिडे वा त्यांच्या अळ्या दिसत नसतील, तरच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, आणि तोही सायंकाळी, मधमाश्या परतल्यानंतर.