हयातीचा दाखला : युद्धपट आणि जबलपूरचे जवान

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेतील निवृत्तिवेतनाच्या खिडकीसमोर रांग लागते. हयातीचा दाखला देण्याचे हे दिवस. आता हे काम घरबसल्या भ्रमणध्वनीवरूनही होते. तरीही जुन्या पिढीला खिडकीशी येऊन, ओळखीच्या कर्मचाऱ्याशी दोन शब्द बोलून दाखला दिल्याशिवाय चैन पडत नाही. जबलपूरसारख्या लष्करी शहरात या रांगेत माजी सैनिक असणारच. बोटाचा ठसा यंत्रावर उमटला की माणूस हयात असल्याचे सरकारदरबारी सिद्ध होते. हिंदी युद्धपटांच्या इतिहासात मात्र असा एक जवान होऊन गेला, की ज्याला साऱ्या देशाने पडद्यावर मरताना पाहिले, आणि तो त्यानंतर पंचवीस वर्षे जगला.

त्यांचे नाव भैरोसिंह राठोड. सीमा सुरक्षा दलाचे हे जवान डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर २३ पंजाब रेजिमेंटच्या तुकडीसोबत होते. तुकडीचे नेतृत्व मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे होते. या लढाईवर जे. पी. दत्ता यांनी ‘बॉर्डर’ हा चित्रपट काढला. १३ जून १९९७ रोजी तो प्रदर्शित झाला. चित्रपटात सुनील शेट्टी यांनी रंगवलेला भैरोसिंह शत्रूच्या रणगाड्याशी झुंजताना धारातीर्थी पडतो आणि चित्रपटगृहात हुंदके ऐकू येतात. प्रत्यक्षातील भैरोसिंहांना १९७२ मध्ये सेना पदक मिळाले, १९८७ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि जोधपूर जिल्ह्यातील आपल्या गावी राहिले. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘बॉर्डर’चाच आधार घेऊन. ज्या चित्रपटाने त्यांना अकाली मारले, त्यानेच त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले होते.

लोंगेवाल्याच्या खऱ्या लढाईत चौकीवरचे दोन भारतीय जवान कामी आले. पडद्यावर ही संख्या कितीतरी मोठी दिसते. जाणकारांना हे खटकते. सामान्य प्रेक्षकाला मात्र त्या मृत्यूंवाचून लढाई खरी वाटली नसती, हेही तितकेच खरे. दुसरी एक गोष्ट चित्रपटाने चांगली पकडली आहे. हंटर विमानांना रात्री लक्ष्यवेध करता येत नव्हता, म्हणून चौकीला पहाटेपर्यंत तग धरणे भाग होते. ती वाट पाहण्याची रात्र हाच ‘बॉर्डर’चा प्राण आहे. दत्ता यांचे बंधू हवाई दलात वैमानिक होते, हे लक्षात घेतले तर पहाटे आकाशात दिसणाऱ्या विमानांकडे त्यांचा कॅमेरा इतक्या आपुलकीने का पाहतो, याचा उलगडा होतो.

पडदा आणि प्रत्यक्ष यांतली ही तफावत जबलपूरच्या प्रेक्षकाला इतरांपेक्षा अधिक जाणवते. पर्यटकांसाठी हे शहर म्हणजे नर्मदा, भेडाघाट आणि संगमरवरी कडे. परंतु येथील अनेक कुटुंबांची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटली ती तोफा, दारूगोळा आणि लष्करी वाहने बनविणाऱ्या कारखान्यांवर. तोफगाडी कारखाना १९०४ चा, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, तर वाहन निर्माणी १९६९ ची. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रेही येथेच आहेत. एके काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातील हे शहर मराठी कुटुंबांनाही परके नाही. अशा गावात युद्धपट लागला की एकच दृश्य कोणी गोळे घडविणाऱ्याच्या नजरेने पाहतो, कोणी गाडी बांधणाऱ्याच्या, तर कोणी रांगेत उभे राहून हजेरी दिलेल्या शिपायाच्या नजरेने. लष्करी ताफ्यातला ‘शक्तिमान’ ट्रक सामान्य प्रेक्षकाच्या लेखी नुसता ट्रक असतो. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याखाली १९५९ पासून तो बनला तो मात्र याच शहरात. ‘जोंगा’ या लष्करी गाडीच्या तर नावातच जबलपूर दडलेले आहे. त्यातला ‘ज’ जबलपूरचा.

ज्येष्ठ पिढीच्या आठवणीतला पहिला मोठा युद्धपट म्हणजे चेतन आनंद यांचा ‘हकीकत’. १९६४ च्या या कृष्णधवल चित्रपटाला पार्श्वभूमी होती १९६२ च्या पराभवाची. लडाखच्या उजाड पर्वतरांगांत त्याचे चित्रीकरण झाले. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांचे पाठबळ त्यामागे होते. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद असे कलावंत आणि मदनमोहन यांचे संगीत. विजयाची गाथा सांगणे सोपे असते. येथे दिग्दर्शकाला पराभवानंतर अवघ्या दोन वर्षांनी, जखम ओली असताना, त्याच प्रेक्षकांसमोर जायचे होते. त्या वर्षी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांची तुकडी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. वाचलेल्या मोजक्या जवानांच्या सांगण्यावर प्रारंभी विश्वास ठेवला गेला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात हातात शस्त्रे तशीच असलेले मृतदेह सापडले, तेव्हा ते शब्द खरे ठरले. जिवंत सैनिकाच्या साक्षीला मृतांचा दुजोरा लागावा, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

याच चेतन आनंद यांनी १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी ‘परमवीर चक्र’ ही मालिका केली आणि जबलपूरच्या रेजिमेंटचा एक वीर घराघरांत आला. ४ ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवर बसविलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच देह ठेवला. नसीरुद्दीन शाह यांनी त्यांची भूमिका केली होती.

तथापि जबलपूरने खऱ्या अर्थाने आपला मानावा असा चित्रपट म्हणजे दत्ता यांचाच ‘एलओसी कारगिल’. डिसेंबर २००३ मध्ये तो आला, तेव्हा त्याच्या सव्वाचार तासांच्या लांबीने प्रेक्षक दमले. सारख्याच गणवेशातले, बर्फाने माखलेले इतके चेहरे, की कोण कोणत्या पलटणीचा हेच कळेना, अशी तक्रार झाली. ती रास्तही होती. पण ज्याच्या घरातला मुलगा १८ ग्रेनेडिअर्समध्ये किंवा १३ जम्मू-काश्मीर रायफल्समध्ये होता, त्याला चेहऱ्यांची गर्दी अडवीत नाही. तो पलटणीचे नाव ऐकतो. या चित्रपटातील दोन ठळक पलटणी जबलपूरच्या दोन केंद्रांशी नाते सांगणाऱ्या आहेत. कॅप्टन विक्रम बत्रा डिसेंबर १९९७ मध्ये अधिकारी झाल्यावर पुढील प्रशिक्षणासाठी प्रथम आले ते जबलपूरलाच. पडद्यावर त्यांची भूमिका अभिषेक बच्चन यांनी केली. पुढे २०२१ मध्ये ‘शेरशाह’मधून नव्या पिढीला ते सिद्धार्थ मल्होत्रा यांच्या रूपात भेटले. बत्रांच्याच पलटणीचे रायफलमन संजय कुमार यांना परमवीर चक्र मिळाले आणि ते हयात राहिले. ‘एलओसी’मध्ये त्यांची भूमिका सुनील शेट्टी यांच्याकडे होती. ‘बॉर्डर’मध्ये जिवंत माणसाचे मरण रंगविणाऱ्या नटाच्या वाट्याला या वेळी हयात वीराचे जगणे आले, हा योगायोग म्हणावा लागेल.

मनोज वाजपेयी यांनी साकारलेले ग्रेनेडिअर योगेंद्रसिंह यादव यांची कथा तर पटकथाकारालाही सुचली नसती. ३ आणि ४ जुलै १९९९ च्या दरम्यानच्या रात्री टायगर हिलचा उभा कडा दोरांच्या साहाय्याने चढणाऱ्या तुकडीत ते होते. वय एकोणीस. वर पोहोचलेल्या सात जणांपैकी सहा जण गेले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. शत्रू मृतदेहांवरही गोळ्या झाडत होता आणि ते निपचित पडून होते. छातीवर झाडलेली एक गोळी खिशातल्या पाकिटावर आदळली. पाकिटात पाच रुपयांची नाणी होती. त्यांनी ती अडविली. बँकेच्या मासिकात हा तपशील नोंदविणे अप्रस्तुत ठरू नये. पुढे घरंगळत, सरपटत ते खाली आले आणि शत्रूच्या पुढील हल्ल्याची खबर त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना दिली.

ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले ते मरणोत्तर. पलटणीत याच नावाचा आणखी एक जवान होता आणि तो या मोहिमेत हुतात्मा झाला होता. परमवीर ठरलेले योगेंद्रसिंह त्या वेळी रुग्णालयात उपचार घेत होते. सरकारी कागदावरचा ‘मरणोत्तर’ हा शब्द मग मागे घ्यावा लागला.

चित्रपटाने त्यांना नायक केले. त्यांची स्वतःची आठवण मात्र दुसऱ्या दिशेने जाते. जाहीर कार्यक्रमांत बोलताना ते आपल्यापेक्षा त्या सहा जणांविषयी अधिक बोलतात : कोण कोठे पडला, कोणाच्या हातात काय होते, कोणाला मलमपट्टी करताना गोळी लागली. सव्वाचार तासांच्या चित्रपटातही या सहा जणांना पुरेसा वेळ मिळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ते आणि संजय कुमार ‘कौन बनेगा करोडपती’च्या मंचावर शेजारी शेजारी बसलेले देशाने पाहिले : एक ग्रेनेडिअर्सचे, दुसरे जम्मू-काश्मीर रायफल्सचे. त्याच वर्षाच्या अखेरीस मानद कॅप्टन या हुद्द्यासह योगेंद्रसिंह सेवानिवृत्त झाले.