पट कमी, म्हणून शाळा बंद?

कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरसारख्या बाजारगावात शाळा सहसा ओस पडत नाहीत. पट घसरतो तो वाडी-तांड्यांवर. तिथे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात आणि फळ्याचे दोन भाग पाडून एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळतात.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत पुढे केले गेले. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक आणि खेळगडी मिळतात, हे खरेच.

पण गावाला विचारायचे कोणी? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. समितीकडे विकास आराखडा आणि अनुदानावर देखरेख आहे; शाळा बंद करताना तिची संमती घ्यावी, असे कायदा सांगत नाही. 2022 मध्ये शाळा बंद झाल्यावर इगतपुरीच्या दरेवाडीतली मुले म्हणूनच शेळ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर धडकली : दप्तर घ्या, बकऱ्या द्या!

शाळा हलवण्यावर गावात बैठक झालीच, तर पालकांनी रोकडे प्रश्न विचारावेत. गाडी कोणाची, भाडे कोण भरणार, पावसाळ्यात ओढा चढला की काय, आणि रिकाम्या खोल्यांत अंगणवाडी येणार की कुलूप?