सीबीसीच्या कागदावर आयुष्याचा अंदाज?

27 जुलै हा डोके-मान कॅन्सरचा जागतिक दिवस. रक्तातल्या दाहावरून रुग्ण किती जगेल हे सांगणाऱ्या ‘सोप्या’ चाचणीची चर्चा अशा दिवशी हमखास होते. ती चाचणी खरोखरच सोपी आहे. मुंबईत अंधेरी ते मुलुंड, कुठल्याही लॅबचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट घ्या. त्यातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल्स 70 टक्के आणि लिम्फोसाइट्स 20 टक्के असतील, तर भागाकार 3.5. हाच एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर. वेगळी सुई नको, जास्तीचे पैसेही नकोत.

त्यामागचं शास्त्र पटण्यासारखं आहे. गाठ आपल्याभोवती दाह धुमसत ठेवते. तिथून सुटणाऱ्या इंटरल्यूकिन-6मुळे यकृत सीआरपी हे दाहाचं प्रथिन बनवू लागतं, अल्ब्युमिन घटतं, न्यूट्रोफिल्स वाढतात आणि गाठीशी लढणाऱ्या लिम्फोसाइट्स तुलनेनं कमी पडतात. उपचारांआधी हा आकडा चढा असलेले रुग्ण सरासरीनं कमी जगतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

पण चढा म्हणजे किती? कुणी 2 ही रेषा धरतं, कुणी 3, कुणी 5. त्यात तोंडाच्या कॅन्सरच्या आपल्याकडच्या रुग्णाच्या हिरड्या सुजलेल्या, दात किडलेले, जखमेत संसर्ग. त्यानंही आकडा वाढतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढतो, धूम्रपानानंही पांढऱ्या पेशी वाढतात. एका सकाळच्या रिपोर्टवरून कुटुंबानं आशा सोडावी, इतका हा आकडा पक्का नाही.

पक्का पुरावा कसा असतो हे पाहायचं, तर परळच्या टाटा रुग्णालयाचं काम आठवावंच लागतं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. मग मानेतल्या लसिका ग्रंथी लगेच काढायच्या की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? या प्रश्नावर सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून तो थेट तपासला. 2015 साली 500 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. असा पुरावा उपचार बदलतो. एनएलआर पाहून उपचार बदलले आणि रुग्ण जास्त जगले, हेही असंच सिद्ध व्हायला हवं. तोवर तो डॉक्टरांच्या हातातली एक जादा खूण आहे, त्याहून जास्त नाही. लॅबनं त्याचं ‘कॅन्सर पॅकेज’ करून विकणं मला गैर वाटतं, कारण निरोगी माणसाचा कॅन्सर शोधायला हा आकडा चालतच नाही.

रुग्ण किती जगेल हे अजूनही प्रामुख्यानं आजार कुठल्या टप्प्यावर सापडला यावर ठरतं. भारतात 2022 साली तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण आढळले, आणि आपल्याकडे बरेच जण उशिरा पोहोचतात. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. कूपर, राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल तिथे याच आठवड्यात तोंड दाखवून या.